एलचीच्या रक्ताचें मोल

(राधानगरी येथील एका सेवानिवृत्त शिक्षकांनीं नभोवाणीवरून केलेलें भाषण)

राधानगरीच्या शाळेंत मी इतिहास शिकवीत असतांना एकदां एका मुलानें मला मोठ्या निरागसपणें विचारलें, "गुरुजी, एलची म्हणजे चहांत घालतात तीच का?" वर्गांत हंशा पिकला. बाहेर आमच्याकडचा आषाढाचा पाऊस कोसळत होता, कौलांवरच्या आवाजांत माझें बोलणें मागच्या बांकांपर्यंत नीट पोंचत नव्हतें, आणि त्या मुलास 'एलची' हा शब्द 'वेलची' असा ऐकूं आला असेल तर त्यांत त्याचा कांहीं दोष नव्हता. मीं फळ्यावर तो शब्द मोठ्या अक्षरांनीं लिहिला व सांगितलें कीं, एका राजानें दुसऱ्या राजाकडे आपल्या वतीनें बोलावयास पाठविलेला मनुष्य तो एलची. त्यावर त्या मुलानें पुन्हा विचारलें, "आणि त्यालाच त्यांनीं मारलें तर?"

पहिल्या प्रश्नाचें उत्तर मला लागलेंच देतां आलें. दुसऱ्याचें मीं "मग लढाई होते" असें कांहींसें दिलें आणि तास संपविला. तें उत्तर पुरतें खरें नव्हतें, हें मला निवृत्तीनंतर वाचनास सवड मिळाली तेव्हां कळलें. एलची मारला गेला आणि तरीहि लढाई झाली नाहीं, अशीं दोन उदाहरणें मला सांपडलीं. त्यांतील एक मुंबईस घडलें, दुसरें इराणची राजधानी तेहरान येथें. आणि या दुसऱ्या प्रकरणाच्या शेवटीं आपल्या अहमदनगरचा एक हिरा येऊन उभा राहतो. रशिया आणि इराण या दोन राज्यांच्या संबंधांविषयीं आज मी जें बोलणार आहें तें या हिऱ्याच्या अनुरोधानें. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मनुष्य. मला रशियन भाषा येत नाहीं, आणि फारसी येते ती मोडी दप्तरांतून मराठींत मुरली आहे तेवढीच. पण तेवढीहि या विषयास बरीच पुरते. वकील, मुखत्यार, तहनामा, फर्मान, नजराणा, हे सर्व शब्द आपल्या आजोबांच्या तोंडीं होते, आणि तेच शब्द तेहरानच्या दरबारांत चालत होते.

प्रथम अहमदनगर. या शहराचें सरकारी नांव आतां अहिल्यानगर झालें आहे. परंतु मी ज्या काळाविषयीं बोलत आहें त्या काळीं तेथें निजामशाही नांदत होती. शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे हे याच दरबारचे सरदार, हें आपण सर्व जाणतां. या दरबाराचा इराणशीं घरोबा होता. पहिला बुऱ्हाण निजामशाह यानें शिया पंथ स्वीकारला होता, आणि इराणचा शाह तहमास्प याजकडे त्यानें खुर्शाह नांवाचा आपला एलची पाठविला होता. इ. स. 1545 च्या सुमारास तो इराणांत पोंचला, पुष्कळ वर्षें तेथें राहिला, आणि त्यानें एक इतिहासग्रंथ लिहिला. तो ग्रंथ आजहि निजामशाहाच्या एलचीचा इतिहास या अर्थाच्या फारसी नांवानेंच ओळखला जातो. म्हणजे अहमदनगरचा एक एलची इराणांत सुखरूप राहिला, ग्रंथकार झाला आणि दक्षिणेंत परत आला. पुढची हकीकत ऐकतांना एवढें ध्यानांत असूं द्यावें.

याच घराण्यांतील दुसरा बुऱ्हाण, म्हणजे चांदबिबीचा भाऊ, 1591 सालीं गादीवर बसला. त्यानें एका हिऱ्यावर आपलें नांव व हिजरी सन 1000 हीं अक्षरें कोरविलीं. हिऱ्याचें वजन आज 88.7 कॅरट भरतें. तो लांबोडका आहे, लांबी सुमारें तीन सेंटिमीटर, रंगानें स्वच्छ पण किंचित् पिवळसर झांक असलेला. आजच्या दागिन्यांतल्या हिऱ्यांप्रमाणें त्याला पैलू पाडलेले नाहींत. मूळच्या खड्याच्या बाजू थोड्याशा घांसून गुळगुळीत केल्या आहेत इतकेंच. दोरा बांधून टांगतां यावा म्हणून त्याच्या एका टोंकाजवळ सभोंवार खांच पाडली आहे. हिऱ्यावर अक्षर कोरणें म्हणजे काय, याची कल्पना करून पाहावी. दुसऱ्या कोणत्याहि धातूची वा दगडाची मात्रा त्यावर चालत नाहीं. हिऱ्याचीच पूड सुईच्या टोंकावर घेऊन दिवसच्या दिवस ओरखडत बसावें लागतें. तें काम करणाऱ्या कारागिराचें नांव कोणींच लिहून ठेवलें नाहीं.

बुऱ्हाण चार वर्षांतच, 1595 सालीं, वारला. मोगलांचा वेढा पडला. चांदबिबीनें किल्ला कसा लढविला तें शाळेंत शिकलेल्या कोणासहि सांगावयास नको. 1600 मध्यें ती मारली गेली आणि अहमदनगर पडलें. हिरा मोगलांच्या खजिन्यांत गेला. त्यावरचें दुसरें नांव आहे जहांगीरपुत्र शाहजहान याचें, हिजरी 1051, म्हणजे इसवी सन 1641-42. पुढें 1739 सालीं नादिरशाहानें दिल्ली लुटली आणि त्या लुटीबरोबर हा हिराहि इराणांत गेला. तेथें तिसरें नांव कोरलें गेलें तें काजार घराण्यांतील फत्तेअली शाहाचें, हिजरी 1242 मध्यें. हें इसवी सन 1826-27 चें वर्ष होय, आणि नेमक्या याच वर्षीं शाहाचें रशियाशीं युद्ध जुंपलेलें होतें.

आतां रशियाकडे वळूं. या दोन राज्यांच्या मध्यें एका बाजूस कास्पियन समुद्र, दुसऱ्या बाजूस काकेशस पर्वत. 1556 मध्यें रशियाच्या चौथ्या इव्हानानें व्होल्गा नदीच्या मुखाजवळचें अस्त्राखान घेतलें, तेव्हांपासून इराणी रेशीम आणि रशियन केसाळ कातडीं यांचा व्यापार त्या पाण्यावरून चालूं लागला आणि एलचींचें जाणें-येणें वाढलें. पीटर बादशहानें 1722-23 मध्यें स्वारी करून दर्बंद व बाकू घेतलीं. तीं पुढें परत दिलीं गेलीं. खरा तंटा पेटला तो जॉर्जियावरून. 1795 मध्यें काजारांचा मूळपुरुष आगा महंमद खान यानें जॉर्जियाची राजधानी तिफ्लिस लुटली, आणि 1801 मध्यें रशियानें जॉर्जियाच गिळंकृत केला. त्यानंतर नऊ वर्षें लढाई चालून 1813 मध्यें गुलिस्तानचा तह झाला, व इराणास काकेशसमधील बहुतेक मुलूख सोडावा लागला. 1826 मध्यें शाहानें तो परत मिळविण्याचा यत्न केला. तो अंगलट आला, आणि फेब्रुवारी 1828 मध्यें तुर्कमान्चाय या खेड्यांत दुसरा तह झाला. इराणांत आजहि एखाद्या करारास 'तुर्कमान्चाय' म्हणणें ही शिवी समजली जाते.

या तहानें एरिवान व नखिचेवान हे दोन प्रांत गेले, अरस नदी ही सरहद्द ठरली, आणि कास्पियनवर लढाऊ गलबतें ठेवण्याचा हक्क एकट्या रशियाचा झाला. इराणांतील रशियन प्रजाजनांचे खटले इराणी न्यायाधीशांच्या हातीं राहिले नाहींत. आमच्या कोल्हापुरासारख्या संस्थानांतील जुन्या लोकांस याचा अर्थ फोडून सांगावा लागत नसे. युरोपियन ब्रिटिश प्रजाजनावर संस्थानी न्यायालयांत खटला चालत नसे, हें त्यांनीं पाहिलें होतें. शिवाय दंड दहा कुरूर तुमान. हा 'कुरूर' म्हणजे आपलाच 'करोड'. पण आपला करोड शंभर लक्षांचा, तर इराणांत जाऊन त्याचे पांचच लक्ष उरले. हें मला आधीं ठाऊक असतें तर गणिताच्या तासालाहि सांगितलें असतें. दहा कुरूर म्हणजे पन्नास लक्ष तुमान. रशियाच्या चलनांत दोन कोटी रौप्य रूबल. शाहाचा खजिना त्यानें खरवडून निघाला.

याखेरीज एक कलम होतें. दोन्ही युद्धांत धरून नेलेल्या लोकांना आपल्या मुलखांत परत जाण्याची मोकळीक असावी, असें तें कलम. कागदावर वाचतां यापरतें न्यायाचें दुसरें कलम नसावें. परंतु काकेशसमधून धरून आणलेलीं हीं माणसें तुरुंगांत नव्हतीं. तीं मोठमोठ्या घरांत होतीं. कोणी गुलाम, कोणी दासी, कोणी बायका झालेल्या, कोणी मुलांच्या आया झालेल्या. तें कलम अमलांत आणावयाचें म्हणजे परराज्याच्या माणसानें सरदारांच्या जनानखान्याच्या दारांत जाऊन, तुमच्यापैकीं कोणास जावयाचें आहे, असें विचारावयाचें.

हें काम ज्याच्यावर पडलें त्याचें नांव अलेक्झांडर ग्रिबोयेदोव्ह. हा कोणी रांगडा शिपाईगडी नव्हता. रशियन भाषेंतील एका अव्वल दर्जाच्या पद्यमय विनोदी नाटकाचा तो कर्ता. तें नाटक सरकारी तपासनिसांनीं त्याच्या हयातींत सबंध छापूं दिलें नाहीं, तेव्हां लोकांनीं हातानें नकला करून वाचलें. त्याला फारसी येत होतें. दहा वर्षांपूर्वीं तो याच देशांत वकिलातींत नोकरीस होता, आणि 1819 मध्यें तब्रीझहून रशियन शिपायांची एक टोळी त्यानें स्वतः तिफ्लिसपर्यंत परत नेली होती. तुर्कमान्चायच्या तहाचा मसुदा करण्यांतहि त्याचा हात होता. त्याच तहाची अंमलबजावणी करण्यासाठीं बादशहानें त्याला पूर्ण मुखत्यारी देऊन पाठविलें. इराणी लोक त्याला 'वजीर-मुखत्यार' म्हणत. आपण घर विकतांना मुखत्यारपत्र करतों, त्यांतलाच हा मुखत्यार.

निघण्यापूर्वीं, ऑगस्ट 1828 मध्यें, तिफ्लिस येथें त्यानें लग्न केलें. वधू नीना ही एका जॉर्जियन कवि-सरदाराची मुलगी, वयाला सोळा वर्षेंहि पुरीं झालीं नव्हतीं. ती गरोदर राहिल्यामुळें त्यानें तिला तब्रीझ येथें ठेवलें आणि शाहाची भेट घेण्यापुरता तो तेहरानास गेला. लौकरच परतावयाचें, असा बेत होता. परतीची तयारीहि झाली होती.

अशा वेळीं एका रात्रीं मिर्झा याकूब नांवाचा मनुष्य वकिलातीच्या दारीं आला. हा एरिवानचा आर्मेनियन. तरुणपणीं धरून आणून त्याला खोजा करण्यांत आलें होतें. पुढें तो शाहाच्या अंतःपुरांतील खजिनदार झाला. दागिने किती, कर्ज किती, कोणत्या दालनांत काय चालतें, सर्व त्याला ठाऊक. तो म्हणाला, मला माझ्या गांवीं जावयाचें आहे. त्याच सुमारास माजी प्रधान अल्लायार खान याच्या घरांतील काकेशसकडच्या दोन स्त्रियाहि वकिलातींत आणण्यांत आल्या. दरबारानें याकूबला परत मागितलें. त्याच्याकडे खजिन्याची बाकी आहे, असेंहि म्हटलें. ग्रिबोयेदोव्हनें त्याला परत दिलें नाहीं.

श्रोतेहो, या ठिकाणीं मी पुष्कळ वेळां थबकलों आहें. इंग्रजी ग्रंथांतून ग्रिबोयेदोव्हवर ताठरपणाचा ठपका ठेवलेला आढळतो. तो ताठर असेलहि. जिंकलेल्याच्या घरीं जिंकणाऱ्याचा मनुष्य ताठरच दिसतो. पण दारांत उभ्या राहिलेल्या त्या माणसास त्यानें काय सांगावयास पाहिजे होतें? तह मीं लिहिला खरा, पण तुझ्यासाठीं नाहीं, असें? दुसरीकडून पाहूं जातां, ज्या शहरानें दंडापायीं आपलें सोनें-रुपें वितळतांना नुकतेंच पाहिलें होतें, त्या शहरास आतां जनानखान्यांतूनहि माणसें नेलीं जात आहेत असें दिसलें, तर त्याचें पित्त खवळलें यांत नवल तें काय? माझ्या मतें दोष त्या कलमाच्या न्यायांत नव्हता. तें कलम तोफेच्या तोंडून वदवून घेतलें होतें, यांत होता.

मिर्झा मसीह नांवाच्या धर्माधिकाऱ्यानें त्या स्त्रियांना सोडवून आणणें हें धर्मकृत्य आहे असा निर्णय दिला. 11 फेब्रुवारी 1829 रोजीं, रशियाच्या जुन्या पंचांगाप्रमाणें 30 जानेवारीस, हजारों लोक वकिलातीवर चालून गेले. प्रथम याकूब पडला. मग छपरें फोडून लोक आंत उतरले. ग्रिबोयेदोव्ह हातांत तरवार घेऊन लढतां लढतां मेला. वकिलातींतील पस्तीसांहून अधिक माणसें ठार झालीं. चिटणीस माल्त्सोव्ह तेवढा लपून वांचला. प्रेत रस्त्यांतून फरफटत नेल्यामुळें ओळखूं येईना. पूर्वीं एका द्वंद्वयुद्धांत त्याच्या हाताला गोळी लागली होती, त्या जुन्या व्रणावरून तें ओळखलें असें सांगतात. तें बैलगाडींतून तिफ्लिसला नेत असतां वाटेंत आपल्याला ती गाडी भेटली, असें कवि पुश्किन यानें लिहून ठेवलें आहे. नीनेला ही बातमी प्रथम कोणी सांगितलीच नाहीं. कळली तेव्हां तिचें मूल अकालीं जन्मलें व दगावलें. तिनें पुन्हां लग्न केलें नाहीं. 1857 मध्यें ती वारली, आणि तिफ्लिसच्या टेकडीवर नवऱ्याशेजारीं तिला पुरलें.

आतां मुंबईचें उदाहरण सांगतों, म्हणजे पुढचें नीट समजेल. 1802 सालीं याच फत्तेअली शाहाचा एलची हाजी खलील खान मुंबईस आला होता. त्याच्या मानासाठीं कंपनी सरकारनें शिपायांची तुकडी दिली होती. जुलै महिन्यांत त्याचे नोकर आणि हे शिपाई यांच्यांत कशावरून तरी झटापट झाली, गोळीबार झाला, आणि तंटा मिटवावयास बाहेर आलेला एलची स्वतःच त्यांत मारला गेला. पुण्यास दुसरा बाजीराव अजून गादीवर होता. हडपसरची लढाई आणि वसईचा तह याच वर्षाच्या अखेरीस व्हावयाचा होता. इकडे कंपनीची मोठी तारांबळ उडाली. गव्हर्नर-जनरलनें शाहास दुखवट्याचें पत्र धाडलें, मृताच्या नातलगांना सढळ हातानें पैसा व वर्षासनें दिलीं, आणि प्रकरण निस्तरण्यासाठीं जॉन माल्कम यास मुंबईस पाठविलें. पुढें जून 1818 मध्यें बाजीराव ज्याच्या स्वाधीन झाला तोच हा माल्कम. पैसा इतका मिळाला कीं, याच दरानें भरपाई होणार असेल तर इंग्रजांनीं आणखी दहा एलची मारावे, असा बोल शिराझच्या एका अधिकाऱ्याच्या तोंडीं घातला जातो. खरा असो वा नसो, तो ऐकून हंसूं येत नाहीं. आणि योगायोग असा कीं, सत्तावीस वर्षांनीं तेहरानची बातमी जेव्हां मुंबईस आली, तेव्हां हाच माल्कम मुंबईचा गव्हर्नर होता.

तेहरानच्या खुनाचा जबाब शाहास द्यावा लागणार होता. वारस शाहजादा अब्बास मिर्झा यानें आपला मुलगा खुस्रू मिर्झा यास क्षमायाचनेसाठीं रशियास पाठविलें. मुलगा सोळा-सतरा वर्षांचा. जेथें आपल्या राज्याचा गुन्हा झाला आहे तेथें या पोरानें एलची होऊन जावयाचें! वाटेंत मॉस्को येथें तो ग्रिबोयेदोव्हच्या आईस भेटावयास गेला आणि तिच्यापुढें रडला. त्या प्रवासांत याहून खरी अशी दुसरी भेट झाली असेल, असें मला वाटत नाहीं. ऑगस्ट 1829 मध्यें राजधानी पीटर्सबर्ग येथें बादशहा पहिला निकोलस यानें भरदरबारांत त्याची भेट घेतली, आणि तेहरानचें प्रकरण आपण विस्मृतीच्या स्वाधीन करतों असें सांगितलें. नजराण्यांत गालिचे होते, शाली होत्या, हस्तलिखितें होतीं, मोत्यांच्या माळा होत्या. आणि अहमदनगरचा तो हिरा होता.

यावरून अशी आख्यायिका रूढ झाली कीं, हिरा देऊन शाहानें एलचीचें रक्त विकत घेतलें. रशियांत पिढ्यान् पिढ्या हें सांगितलें गेलें आहे. पण हिशेब मांडून पाहतां मला तें पटत नाहीं, व अलीकडच्या अभ्यासकांनाहि पटलेलें नाहीं. त्या वर्षीं रशियाचें तुर्कस्तानाशीं युद्ध चाललें होतें. शाह चिडून तुर्कांस मिळाला असता तर रशियास दोन आघाड्या सांभाळाव्या लागल्या असत्या. बादशहास इराणशीं नवें युद्ध परवडणारेंच नव्हतें. म्हणून त्यानें उलट शाहासच सवलत दिली. दंडाचे दोन कुरूर राहिले होते, त्यांतला एक माफ केला आणि दुसऱ्यास पांच वर्षांची मुदत दिली. मिर्झा मसीहला तेहरानांतून हद्दपार करण्यांत आलें. म्हणजे ज्याचा एलची मारला गेला त्यानेंच पैसे सोडले, आणि ज्यानें मारला त्यानें हिरा दिला. व्यवहार दोन्ही बाजूंनीं फिटला. ग्रिबोयेदोव्हच्या रक्ताचा भाव हिऱ्यानें ठरला नाहीं. तो डॅन्यूब नदीवरच्या लढाईनें ठरला. तुर्कांशीं तह आधींच झाला असता तर तोच हिरा त्याच मुलानें नेऊनहि उपयोग झाला असता कीं नाहीं, याची मला शंका आहे.

खुस्रू मिर्झा परत गेला तो मोठ्या लौकिकानें. पण पांच वर्षांनीं फत्तेअली शाह वारला, खुस्रूचा सख्खा नव्हे असा भाऊ गादीवर आला, आणि तख्ताचा वाटेकरी नको म्हणून खुस्रूचे डोळे काढण्यांत आले. रशियाच्या बादशहानें अभय दिलें होतें तें राज्यास. त्या मुलास नव्हे. तुर्कमान्चायचा तह मात्र टिकला. 1917 ची क्रांति होऊन गेल्यावर, 1921 मध्यें, सोव्हिएट सरकारनें झारशाहीचे हे करार रद्द झाल्याचें इराणशीं नवा तह करून जाहीर केलें. अरस नदी सरहद्द म्हणून राहिली ती राहिलीच. 1991 नंतर तिच्या पलीकडच्या तीरावर रशिया नाहीं, आर्मेनिया आणि अझरबैजान आहेत.

हिरा मॉस्को येथील क्रेम्लिनमध्यें रत्नांच्या सरकारी संग्रहांत आहे. त्यावर तीनच नांवें आहेत. निकोलस बादशहानें आपलें नांव त्यावर घातलें नाहीं. एक बाजू मोकळीच राहिली. कोणी श्रोता कधीं त्या बाजूस गेला तर त्यानें तो अवश्य पाहावा, आणि जी अक्षरें सर्वांत जुनीं तीं आपल्या अहमदनगरचीं, एवढें ध्यानांत ठेवावें.

वर्गांतील तो मुलगा आतां चाळिशीच्या पुढें गेला असेल. राधानगरी धरणाचीं दारें पावसाळ्यांत उघडलीं म्हणजे तो गांवाकडे येतो, असें कोणी सांगितलें. तो ऐकत असेल तर त्याच्या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर मीं आज दिलें आहे. उशीर झाला तो झाला.